मानकरकाकांच्या आईसाहेब

रविवार, २४ एप्रिल १९६०. सकाळचे दहा. बकुळवाडीचं सभागृह, गिरगाव.

हजर: भाऊसाहेब नाडकर्णी, अध्यक्ष. कार्यकारिणीचे पाच सभासद. महिला मंडळाच्या चौतीस बायका, त्यांत सर्वांत वडील भाऊसाहेबांच्या मातोश्री जिजी. लालबागच्या चंद्राबाई, पाहुण्या म्हणून. रघुनाथ मानकर, चित्र काढणारे. चिटणीस म्हणून मी.

गैरहजर: खजिनदार. धाकट्या मुलाला कांजिण्या.

भिंतीला टेकवून, जुन्या चादरीखाली झाकलेलं: आईसाहेबांचं नवं चित्र. उंची पाच फूट.

त्या दिवशीच्या इतिवृत्तात 'विषय चौथा, मानकर यांचे निवेदन' एवढं लिहून पुढे मी दीड ओळ लिहिली आहे. दोन तास चाललेली गोष्ट दीड ओळीत बसवणं हे चिटणिसाचं कामच असतं. पण मानकरकाका दीड ओळीत बसणारे नव्हते. म्हणून उरलेलं इथे लिहिते.

काका आणि त्यांच्या पत्नी माई आमच्या वाडीत दुसऱ्या मजल्यावर राहत. घराणं मुंबईतलं जुनं. आजोबांच्या वेळी माहीमला नारळाची वाडी होती म्हणे. काकांच्या वेळेपर्यंत त्यातली एक काळी टोपी आणि मासळी पारखायची नजर एवढंच शिल्लक होतं. गिरगाव रस्त्यावरच्या एका जुन्या फोटो स्टुडिओत ते चाळीसहून जास्त वर्षं नोकरीला होते. फोटो ते काढत नसत. काढलेले फोटो ते सुधारत. काचेच्या निगेटिव्हवर सुईसारखं टोक केलेली पेन्सिल फिरवून सुरकुत्या, तीळ, देवीचे व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं नाहीशी करायची, हे त्यांचं काम. गिरगावातल्या निम्म्या घरांत भिंतीवरचे आजोबा जे इतके तजेलदार दिसतात ते काकांमुळे.

त्यांच्याकडे दोन चष्मे होते आणि दोन्ही एकाच वेळी अंगावर असत. एक नाकावर, एक कपाळावर. रस्त्यानं चालताना ते मध्येच फुटपाथ बदलत. आम्हाला वाटायचं, कुणाला तरी टाळताहेत. एकदा विचारलं तर म्हणाले, "त्या बाजूचा उजेड चांगला आहे. समोरून येणारी माणसं नीट दिसतात." कुणाशी बोलताना पंजा आडवा धरून त्याचा अर्धा चेहरा झाकून बघायची त्यांना खोड होती. नवी सून वाडीत आली की तिला मी आधीच सांगून ठेवत असे, घाबरू नकोस, ते तसेच आहेत.

"देवानं माणसाचा चेहरा दोन कारागिरांना वाटून दिलाय," ते म्हणायचे. "त्या दोघांची एकमेकांशी भेटच झालेली नाही."

मला ते चिटणीस म्हणून हाक मारत, नावानं कधीच नाही. जिन्यात भेट झाली की, "काय चिटणीस, आजच्या यादीत माझा नंबर कितवा?" मी म्हणायची, "तुमचं नाव थकलेल्या कामांत आहे, काका." त्यावर ते खूश होत. मी दिवसा फोर्टात एका कचेरीत टंकलेखन करायची आणि संध्याकाळी वाडीची कामं. याद्या करायची सवय तेव्हापासूनची.

काकांच्या कामाबद्दल मला पहिल्यांदा आदर वाटला तो एका मुलीमुळे. ही गोष्ट त्यांनीच सांगितली. परळची एक मुलगी, तोंडावर देवीचे व्रण. स्थळांना पाठवायला तिचा फोटो काढला. काकांनी सगळे व्रण पुसले, अगदी चेहरा लोण्यासारखा केला. पाहुणे फोटो बघून धावत आले आणि मुलगी बघून चहा न घेता गेले. दुसऱ्या दिवशी ती एकटी स्टुडिओत आली आणि काकांच्या टेबलापुढे उभी राहिली.

"काका, तुम्ही मला इतकी चांगली का केलीत?"

"मग मी काय सांगणार तिला?" काका म्हणाले. "माझं कामच ते. तिला म्हटलं, बस पोरी, पुन्हा काढू. दुसरा फोटो काढला आणि त्यातले सगळे व्रण ठेवले. फक्त उजेड जरा बाजूचा घेतला. त्या फोटोवर तिचं लग्न झालं. आता शीवला असते. दिवाळीला करंज्या पाठवते."

तेव्हापासून ते प्रत्येक चेहऱ्यावर एक तरी खूण ठेवत. स्टुडिओचा मालक, शेट, ओरडला तरी ठेवत. "माणूस ओळखू यायला हवा," एवढंच म्हणत.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आमच्या वाडीतल्या अकरा बायका अटक होऊन सुटल्या. सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांचा गटाचा फोटो काढून घेतला. मधल्या रांगेत वैद्यवहिनी, डोक्याला पट्टी, डावा डोळा काळानिळा. स्टुडिओच्या शेटनं काकांना हळूच सांगितलं की डोळा तेवढा साफ करा, वाईट दिसतं. चार दिवसांनी काका स्वतः फोटो घेऊन सभागृहात आले. पट्टी होती, काळानिळा डोळाही होता आणि पट्टीवर उमटलेला रक्ताचा डागसुद्धा होता.

"अख्ख्या नोकरीत हा एक फोटो मी हात न लावता दिलाय," ते म्हणाले. "पेन्सिल उचललीच नाही."

वैद्यवहिनींनी फोटो बघितला आणि म्हणाल्या, "काका, डोळा राहू दे, पण ह्या अंबाड्याचं काहीतरी करायचं होतं हो!" सगळ्या हसल्या. काका सर्वांत जास्त.

आता आईसाहेबांचं सांगते.

तळकोकणातल्या एका लहानशा संस्थानच्या त्या राणी. उतारवयात औषधपाण्यासाठी मुंबईत येऊन राहिल्या होत्या. आमच्या वाडीतल्या बायकांना बसायला जागा नाही असं त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी हे सभागृह बांधून द्यायचं ठरवलं. भिंती अर्ध्या झाल्या असताना त्या गेल्या. सवाष्ण गेल्या. राजेसाहेबांनी काम पुरं केलं. मग त्या वेळच्या मंडळींनी स्टुडिओतला त्यांचा एक फोटो मिळवून त्यावरून तैलचित्र करून घेतलं आणि ते भिंतीवर लावलं. राणी नक्षीच्या खुर्चीत बसलेली, दोन्ही खांद्यांवरून पदर, दोन बोटांत गुलाब, मागे मखमली पडदा आणि राजवाड्याचे खांब. हे खांब गिरगावातल्या स्टुडिओच्या रंगवलेल्या पडद्यावरचे होते, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

त्या चित्रात नथ उजव्या नाकपुडीत होती.

बायकांच्या ते लगेच लक्षात आलं. नथ डावीकडे घालतात हे कुणाला माहीत नाही? पण राणीला चूक कोण म्हणणार? भाऊसाहेबांच्या मातोश्री, जिजी, तेव्हा चाळिशीच्या. त्या म्हणाल्या, "संस्थानची रीत असेल." पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या चापाची नथ उजवीकडे लावून आल्या. आईसाहेबांचा मान म्हणून. त्याच्या पुढच्या वर्षी दहा जणी. मग सगळी वाडी. दुसऱ्या वाड्यांतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत. आमच्या बायका मान वर करून सांगत, "आमची आईसाहेबी नथ आहे." मी लग्न होऊन वाडीत आले तेव्हा पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी माझी नथ काढून उजवीकडे लावली होती. चाप इतका घट्ट की डोळ्यांत पाणी आलं. पण मीही मान वर केली.

१९६० च्या फेब्रुवारीत चित्र साफ करायला खाली उतरवलं. मागून सगळी वाळवी. हात लावला तर आईसाहेबांचा खांदा भुगा होऊन खाली आला. एक मेला राज्य होणार हे ठरलं होतं. सभागृहात त्या दिवशी समारंभ, आणि भिंत रिकामी! कार्यकारिणीनं ठराव केला: मानकरांकडून हुबेहूब नवं चित्र करून घ्यावं. स्टुडिओच्या माळ्यावर जुन्या काचा असतात, त्यांत मूळ निगेटिव्ह मिळेलच.

काकांना चित्र काढता येत होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. सुट्टीच्या दिवशी चौपाटीवर नाहीतर रे रोडच्या लाकडाच्या वखारीत बसून ते रंगवायचे आणि घरी आणून पलंगाखाली सरकवायचे. कुणाला दाखवायचे नाहीत. "दुसऱ्यांची तोंडं धुण्यात जन्म गेला," एकदा म्हणाले होते, "माझं म्हणून एक चित्र भिंतीवर लागलं पाहिजे, चिटणीस. एकच. मग डोळे गेले तरी चालतील."

त्यामुळे ठराव सांगायला गेले तेव्हा ते उडी मारतील असं मला वाटलं होतं. ते नुसते "बघतो" म्हणाले.

मार्चच्या मध्यावर त्यांनी मला स्टुडिओत बोलावलं. खिडकीशी त्यांचं उतरतं टेबल, त्यात काच बसवायची चौकट, खाली आरसा. चौकटीत आईसाहेब. निगेटिव्हच ती, पांढऱ्याच्या जागी काळं आणि काळ्याच्या जागी पांढरं, पण तोंडवळा कळत होता.

"काचेला दोन बाजू असतात," काका म्हणाले. "ही खरखरीत, मसाल्याची, फोटो हिच्यावर उमटतो. ही गुळगुळीत. छापताना मसाला कागदाला लागला पाहिजे. उलटी ठेवली तरी फोटो छापला जातो. जरा पुसट येतो, आणि आरशात बघितल्यासारखा उलटा येतो. डाव्याचं उजवं."

मी काचेकडे बघितलं. मग त्यांच्याकडे.

"म्हणजे नथ..."

"डावीकडेच होती. सगळ्या जगासारखी."

"आणि त्या वेळी काच उलटी ठेवली कुणी?"

काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि नाकावरचा कपाळावर.

"एकोणीस वर्षांचा होतो. नोकरीला लागून दोन महिने. शेट गावाला गेलेला, आणि आपल्या वाडीची माणसं दारात उभी, की आत्ताच्या आत्ता फोटो पाहिजे. चित्र लागल्यावर दुसऱ्या दिवशी बघितलं आणि चूक कळली. बोललो असतो तर नोकरी गेली असती. मग म्हटलं, कुणाच्या लक्षात येणार आहे? आणि पुढल्या संक्रांतीला बघतो तर जिजींची नथ उजवीकडे!"

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून आवरलं.

"माझ्या आईनं घातली. माईनं घातली. चाळीस संक्रांती मी मान खाली घालून तिळगूळ घेतलाय, चिटणीस."

मग त्यांनी कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि काचेवरून अलगद फिरवला. काचेवर पेन्सिलीचं काम होतं, त्यांचंच, एकोणिसाव्या वर्षीचं. ते विरघळत गेलं तशा खालून सुरकुत्या आल्या. ओठांच्या कडांना दोन खोल रेघा. भुवईत एक जुनी खोक. सुधारलेल्या फोटोतली ती बाहुली नाहीशी झाली आणि साठीची एक बाई माझ्याकडे बघायला लागली. बाई हट्टी असणार हे दिसत होतं.

"आता हिला खुर्चीत बसवून हातात गुलाब देऊ?" काका म्हणाले. "मला ही जशी होती तशी काढायची आहे. माझ्या पद्धतीनं. पण तशी काढली की नथ डावीकडे येणार, आणि ती का आली ते सभेत उभं राहून सांगावं लागणार. जिजींच्या तोंडावर."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर जुन्यासारखं करून देतो. आठ दिवसांचं काम. कुणाला काही कळणार नाही. आणि माझं म्हणून जे काढायचं होतं ते राहील."

मी त्यांना सल्ला दिला नाही. माझ्या वहीत आईसाहेबांना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचं नाव होतं, तेवढं दिलं. चळवळीत कोठडीतल्या लोकांचे डबे पोचवायची यादी माझ्याकडे असे. त्यात लालबागचा एक गिरणी कामगार होता. त्याची आत्या, चंद्राबाई, आईसाहेबांची वेणीफणी करायची असं त्यानं सांगितलं होतं. काका चार रविवार लालबागला गेले. येताना प्रत्येक वेळी कपड्यांना सुक्या बांगड्याचा वास आणि तोंडावर हसू.

सभेच्या नोटिसा काढायच्या आदल्या दिवशी ते माझ्या दारात आले.

"चिटणीस, सभेच्या विषयांत एक घाला. मानकर यांचे निवेदन."

मागे माई उभ्या होत्या. "चाळीस वर्षं गप्प बसलात," त्या म्हणाल्या, "आणखी आठवडाभर बसला असतात तर आकाश कोसळलं असतं?"

"कोसळलं असतं," काका म्हणाले.

तर अशी ती चोवीस एप्रिलची सभा. पहिले तीन विषय वीस मिनिटांत उरकले. चौथ्याला भाऊसाहेब म्हणाले, "निवेदन मागाहून. आधी चित्र दाखवा."

काकांनी चादर ओढली.

चित्रात खुर्ची नव्हती. पडदा नव्हता, खांब नव्हते. एक अर्धी बांधलेली भिंत होती, विटा दिसणारी, तिच्याभोवती बांबूच्या परांच्या, आणि भिंतीसमोर भर उन्हात उभी एक म्हातारी बाई. उजव्या हाताचा पंजा कपाळाशी आडवा धरून ती भिंतीच्या वरच्या टोकाकडे बघत होती. पंजाची सावली डोळ्यांवर, खाली अर्धा चेहरा उन्हात. लुगडं हिरवं, पण त्याला चुण्या नाहीत, जरीचे बारकावे नाहीत. एका हातानं सपाट रंग थापावा तसं. विटांचा रंग इतका तांबडा की गरम वाटावा. आणि डाव्या नाकपुडीत नथ, उन्हानं पेटलेली.

सगळेच एकदम बोलले.

"अहो, ही राणी आहे का मुकादमीण?"

"छत्र कुठे आहे? राणीनं स्वतःच्या हातानं ऊन अडवायचं?"

"ह्या सुरकुत्या तरी काढायच्या होत्यात, मानकर. तुमचा तर हातखंडा आहे."

"बांबू कसले ते? उद्घाटन आहे की डागडुजी?"

भाऊसाहेबांनी टेबलावर थाप मारली. "हुबेहूब असा ठराव होता, मानकर. हुबेहूब!"

आणि मागच्या रांगेतून वैद्यवहिनींचा आवाज आला, "अगं बाई, नथ बघा! नथ डावीकडे!"

बाकीच्या तेहतीस बायकांनी एकाच वेळी जिजींकडे बघितलं. जिजी पहिल्या रांगेत, खुर्चीत, काठीवर हनुवटी टेकवून बसल्या होत्या.

काका उठले. टोपी काढून हातात घेतली. मी त्यांना टोपीशिवाय त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

"हुबेहूब हीच आहे, भाऊसाहेब," ते म्हणाले. "पहिली चुकीची होती. चूक माझी." आणि त्यांनी सगळं सांगितलं. काच, मसाला, घाई, शेट गावाला गेलेला. आवाज एकदाही चढवला नाही आणि एकदाही पाडला नाही. शेवटी म्हणाले, "जिजी, तुमच्या नथेला आईसाहेबांची रीत कारण नव्हती. मी काच उलटी ठेवली, हे कारण होतं. तेव्हा बोलायला हवं होतं. धीर झाला नाही."

"चाळीस वर्षं!" भाऊसाहेब उभे राहिले. "चाळीस वर्षं माझ्या आईला सगळ्या गिरगावात हसं करून ठेवलंत! आणि आता हे चित्र आम्ही लावायचं? एक मेला? सगळ्यांपुढे?"

काकांचे हात टोपीची कड फिरवत होते. माई खिडकीतून बाहेर बघत होत्या. मला वाटलं, संपलं. चित्र पुन्हा पलंगाखाली जाणार.

तेवढ्यात चंद्राबाई उठल्या. ऐंशीच्या घरातली काटकुळी बाई. इतका वेळ कोपऱ्यात बसून कुणीतरी दिलेली लाडवाची बशी सांभाळत होत्या. नजर अधू. त्या चालत चित्राच्या अगदी जवळ गेल्या, नाक लागेल इतक्या. आणि काकांवर तडकल्या.

"आईसाहेबांची खुर्ची खंय गेली रे? तेंची ढोपरां दुखत. दोन मिंटां उभ्या रवत, मगे बसत. मी स्वता खुर्ची धरून मागे उभी. आनी तू तेंका अशी उन्हात ठेवलंस?"

खुर्ची द्या म्हणून चंद्राबाई चित्रातल्या बाईसाठी खरोखर इकडेतिकडे बघत होत्या.

काकांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "चंद्राबाई," ते म्हणाले, "ती दोन मिनिटंच काढलीत मी."

चंद्राबाईंनी पुन्हा चित्राकडे बघितलं. भुवईतल्या खोकेशी बोट नेलं, पण लावलं नाही. मग बशी खाली ठेवली आणि जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार केला. आईसाहेबांना करायच्या तसा.

आता जिजींनी काठी उचलली. भाऊसाहेब धावले, तर त्यांना हातानं बाजूला केलं. जिजी चित्रापुढे गेल्या, आणि उजेड डोळ्यांवर येत होता म्हणून त्यांनीही पंजा कपाळाशी धरला. दोघी म्हाताऱ्या, एक चित्रातली आणि एक बाहेरची, तशा किती तरी वेळ.

"रघुनाथ," जिजी म्हणाल्या.

"जी."

"तू गाढव आहेस."

"आहे, जिजी."

"चाळीस वर्षं तो चाप माझ्या नाकाला खुपतोय. आधी सांगितलं असतंस तर?" मग त्या वळल्या. "भाऊ, ह्या बाईंनी आपल्यासाठी उन्हात उभं राहून भिंत बघितली, आणि आपण त्यांना गुलाब हुंगायला बसवलं होतं. हे चित्र लागणार. त्यांची नथ डावीकडे, ती त्यांची. आमची उजवीकडे, ती आमची. चाळीस वर्षं घातल्यावर ती कुणाच्या चुकीची राहिली नाही. संक्रांतीला कुणी नथ बदलून आलं तर माझ्याशी गाठ आहे."

टाळ्या पहिल्यांदा वैद्यवहिनींनी वाजवल्या. मग असा गलका झाला की खालच्या पानवाल्यानं वर येऊन विचारलं, राज्य आजच मिळालं काय?

मी वहीत लिहिलं: 'निवेदन ऐकले. चित्र एकमताने मंजूर.' भाऊसाहेबांचा हात वर गेलेला नव्हता, हे मी पाहिलं होतं. पण दुसऱ्या दिवशी भिंतीत खिळा ठोकायला तेच शिडीवर चढले, आणि चित्र उजवीकडे पाव इंच उतरतंय म्हणून त्यांनी तीनदा काढून लावलं. तेव्हा एकमतानेच म्हणायचं.

एक मेला गिरगाव रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. दादर-परळहून माणसं चालत येत होती, घराघरांवर दिवे, गुलाल, ढोल. आमचे प्रमुख पाहुणे त्या गर्दीत कुठेतरी अडकले, ते पोचलेच नाहीत. मी कार्यक्रमपत्रिकेवरचं त्यांचं नाव खोडलं आणि पडदा ओढायला चळवळीत अटक झालेल्या त्या अकरा जणींना उभं केलं. एका दोरीला बावीस हात. पडदा सरकला नाही, दांडीसकट खाली आला. आईसाहेब उन्हात उभ्या राहिल्या आणि सभागृहातून अशी आरोळी उठली की मला अजून ऐकू येते. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: रघुनाथ मानकर, बकुळवाडी.

काका कुठे आहेत म्हणून बघितलं तर शेवटच्या रांगेच्याही मागे, दाराशी. लोक चित्राकडे बघत होते आणि ते लोकांकडे. त्यांना तिथून उजेड बरोबर मिळत असावा.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला एक गोष्ट समजावली. तैलरंग वरून वाळला तरी आतून ओला असतो. वर्षभर थांबायचं, मग त्यावर वार्निशचा एक हात द्यायचा. म्हणजे धूळ बसत नाही आणि रंग टिकतो. वार्निशचा डबाही त्यांनी आणून ठेवला होता. मी लगेच लिहून घेतलं: मे १९६१, चित्राला वार्निश, मानकरकाका.

१९६१ च्या मेमध्ये मी त्यांना आठवण केली. ते आले, स्टुलावर चढले, बोटाच्या मागच्या बाजूनं रंगाला हात लावला. "अजून वाळलं नाही," म्हणाले. अर्धा तास चित्रापुढे थांबले आणि गेले. १९६२ ला तेच. तिसऱ्या वर्षी मी कचेरीतल्या एका सहकाऱ्याला विचारलं, त्याचा भाऊ चित्रकला शिकवत असे. तो हसायला लागला. "बाई, एवढ्या वेळात विहीरसुद्धा आटेल."

मग माझ्या लक्षात आलं आणि मी विचारणं सोडलं. दर मेमध्ये स्टूल काढून ठेवायचं, एवढंच. काका यायचे, हात लावायचे, अजून ओलं आहे म्हणायचे, अर्धा तास बसायचे. कुणी बाहेरचं आलेलं असलं तर त्याला चित्राची माहिती द्यायचे, काढणाऱ्याचं नाव सोडून.

शेवटचे आले तेव्हा स्टुलावर चढवायला मला हात द्यावा लागला. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, जाड भिंगांचा एकच चष्मा. त्यांनी हात लावला. जरा जास्तच वेळ. "छे," म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." उतरले, वहाणा पायांत सरकवल्या आणि जिन्यानं खाली गेले. खाली पोरींची लंगडी चालली होती. त्यांच्या आखलेल्या रेघा मोडू नयेत म्हणून भिंतीला धरून, एकेक पाऊल जपून टाकत ते पलीकडे गेले. दिवाळीच्या आधी वारले.

वार्निशचा डबा सभागृहाच्या कपाटात दुसऱ्या फळीवर आहे. झाकण घट्ट बसलंय, उघडावं लागेल तेव्हा पाना आणावा लागेल. तो सहकारी म्हणाला होता, भावाला पाठवतो, तासाभराचं काम आहे. भाऊसाहेबांनी दोनदा विचारलं. दर वर्षी एप्रिल संपता संपता मी नव्या वर्षाची यादी करते आणि जुन्या यादीतली राहिलेली कामं पुढे उतरवून घेते. या वर्षी ते सतराव्या क्रमांकावर आहे: चित्राला वार्निश. त्याच्यापुढे अजून खूण केलेली नाही.